पांढऱ्या रंगातून पुन्हा पुन्हा वर येणारा पिवळा डाग

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक लिहायचं टेबल आणलं. सागवानी, दोन ड्रॉवरचं, कातीव पायांचं. वरचं पॉलिश काळं पडलेलं, पण लाकूड ठणठणीत. पॉलिश पेपरने घासलं, पांढऱ्या इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या पाण्यावर चालणाऱ्या रंगात, निम्मं पाणी घालून पातळ हात मारला आणि लगेच ओलसर फडक्याने पुसून घेतला. संध्याकाळी टेबल फार सुरेख दिसत होतं. दुधात बुडवून काढल्यासारखं, आणि खालून सागाच्या रेषा स्पष्ट. सकाळी बघते तर उजव्या कडेला चहा सांडून वाळल्यासारखा पिवळट तपकिरी डाग.

दुसरा हात मारला. दोन दिवस बरं होतं, मग डाग त्याच जागी. तिसरा मारला, चौथा मारला. चौथ्या हाताला लाकडाच्या रेषा पार दिसेनाशा झाल्या, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच गेलं. डाग मात्र होता तिथेच राहिला.

जुनं फर्निचर घरी रंगवणाऱ्या कितीतरी जणांना नेमकं हेच होतं आणि बहुतेक जण रंगाच्या कंपनीला नाहीतर ब्रशला दोष देतात. मीही रंग बदलून पाहिला होता. म्हणून या एका डागाबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर लाकडाला स्पिरिट पॉलिश करण्याचं काम केलं. त्यांना बोलावलं. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "किती हात झाले?"

"चार."

"रंगात पाणी किती?"

"निम्मं."

"म्हणजे चार वेळा पाणी पाजलंत त्याला. जेवढं पाजाल तेवढं ते आतलं बाहेर आणून देणार, ताई. पाचवा हात मारू नका."

सगळं उत्तर यातच आहे. सागवानात स्वतःचं तेल असतं आणि रंग देणारी द्रव्यंही असतात. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, ती या द्रव्यांमुळेच. गॅलरीत नवं सागवानी बाकडं ठेवलं की पहिल्या पावसात त्याच्याखाली चहासारखं पाणी ओघळलेलं दिसतं, तेही हेच. पातळ केलेल्या पांढऱ्या रंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते लाकडात शिरतं, आतला रंग विरघळवतं, आणि वाळताना पृष्ठभागावर येऊन उडून जातं. सोबत आणलेला रंग वरच राहतो. ओल्या भिंतीला लोणा येतो तो याच रीतीने. फळीचा कापलेला शेवट, गाठी आणि सांधे इथे लाकूड सर्वात जास्त पाणी पितं, म्हणून डागही आधी तिथेच उमटतात.

फणसाच्या लाकडाचं तर विचारूच नका. कोकणात आणि गोव्यात जुन्या पेट्या, बाकं, खुर्च्या फणसाच्या सापडतात आणि या लाकडाचा गाभा हळदीसारखा पिवळा असतो. थायलंड आणि म्यानमारमध्ये बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवायला याच गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळत. तेव्हा फणसाच्या फळीवर थेट पाण्यातला पांढरा रंग मारणं म्हणजे त्याला पिवळं व्हायला बोलावणं आहे.

परदेशी व्हिडिओंमध्ये पांढरा पातळ हात मारून पुसण्याचा हा प्रकार इतका सोपा दिसतो, कारण तिथे बहुतेक वेळा समोर पाइन असतं, आपल्या जुन्या देवदारी खोक्यांसारखं फिकट लाकूड. गाठी सोडल्या तर त्यातून फारसं काही वर येत नाही. ती कृती सागवानावर जशीच्या तशी चालत नाही.

पण जुन्या फर्निचरच्या बाबतीत लाकूड एकटंच दोषी नसतं. त्यावर तीस-चाळीस वर्षांत माणसांनी काय काय लावलेलं असतं! स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश. त्याच्या खाली छिद्रं भरायला चॉक पावडर, पिवडी, गेरू. त्यात लाकूड महागाचं दिसावं म्हणून मिसळलेली लाल रंगाची पूड. वरून मेण. खुर्ची असेल तर पाठीला डोक्याचं तेल, हातांना घाम. यातलं प्रत्येक जण वेगळ्या द्रवात विरघळतं आणि वेगळ्या रंगाचा डाग देतं. म्हणून डागावर उपाय करण्याआधी तो कशाचा आहे ते कळायला हवं.

त्यासाठी काकांनी दाखवलेली परीक्षा मी आता प्रत्येक जुन्या वस्तूवर करते. जुन्या पांढऱ्या सुती बनियनच्या तीन चिंध्या घ्यायच्या: एक पाण्यासाठी, एक स्पिरिटसाठी, एक टर्पेंटाइनसाठी. जागा निवडताना एक चूक हमखास होते. लोक टेबल उलटं करून खालच्या बाजूला करून बघतात, पण तिथे कधी पॉलिश झालेलंच नसतं. मागच्या पायाची आतली बाजू घ्या, ती झाकलेलीही असते आणि तिला पॉलिशही असतं.

पाण्याची चिंधी पिळून त्या जागी ठेवायची, वर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून पंधरा मिनिटं थांबायचं. चिंधीवर चहाच्या रंगाचा किंवा पिवळा डाग आला तर लाकूड स्वतःच रंग सोडतंय. पाण्याचे थेंब मोत्यासारखे वर उभे राहिले तर तिथे अजून मेण किंवा पॉलिश शाबूत आहे. मग स्पिरिटची चिंधी चोळायची. हाताला चिकट लागलं आणि चिंधी तपकिरी झाली तर ते लाखेचं पॉलिश. चिंधी गुलाबी किंवा लालसर झाली तर पॉलिशमध्ये लाल पूड आहे. टर्पेंटाइनच्या चिंधीवर तेलकट मळ आला तर मेण किंवा तेल. तिन्ही चिंध्या कोऱ्याच राहिल्या तर वर ऑइल पेंटचा, किंवा मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) अशा कडक पॉलिशचा थर आहे. तो घासून काढल्याशिवाय पातळ हात लाकडापर्यंत पोचणारच नाही.

माझ्या टेबलावर दोन चिंध्या रंगल्या, पाण्याची आणि स्पिरिटची. म्हणजे लाकूडही रंग सोडत होतं आणि जुनी लाखही छिद्रांत बसून होती. मी पॉलिश पेपरने घासलं तेव्हा वरवरची लाख गेली होती, छिद्रांमधली नाही.

आता उपाय.

आधी मारलेले हात काढावे लागतात, त्याला इलाज नाही. यात एक सोय आहे. ज्या स्पिरिटने लाख सुटते त्यानेच इमल्शनही मऊ पडतं. स्पिरिटने भिजवलेलं फडकं फळीवर पाचेक मिनिटं पसरून ठेवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने रेषांच्या दिशेने खरवडायचं. मऊ झालेला रंग आणि लाख एकत्रच सायीसारखी निघते. मग स्वच्छ चिंधी, पुन्हा स्पिरिट, पुन्हा पुसणं. चिंधी जवळजवळ कोरी येईपर्यंत. माझ्या टेबलाला यात दोन दुपारी गेल्या आणि स्पिरिट अंदाजापेक्षा बरंच जास्त लागलं. हे काम गॅलरीत किंवा सगळ्या खिडक्या उघडून करायचं. घरात निरांजन, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको. स्पिरिटची वाफ झपकन पेट घेते आणि या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असतं, ते विषारी आहे. हातमोजे घाला.

मेण किंवा तेल निघालं असेल तर स्पिरिटच्या आधी टर्पेंटाइनने पुसायचं. क्रम उलटा झाला तर स्पिरिट मेणावरून नुसतं फिरत राहतं.

इथे मी एक मोठी चूक केली होती, ती सांगते. पहिल्यांदा टेबल स्वच्छ करताना मी धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून वापरला. मळ निघाला, पण सागवान काळवंडलं. सोडा अल्कधर्मी असतो आणि अशा लाकडाचा रंग त्याने गडद होतो. चुन्याचंही तेच. काही जण इमल्शनऐवजी चुन्याचा पातळ हात मारून बघतात, भिंतीला चालतो तर लाकडाला का नाही म्हणून. सागवानावर आणि फणसावर तो टाळा.

लाकूड साफ झालं की ते पूर्ण वाळू द्यायचं, निदान दोन दिवस. मग पितळी तारांचा ब्रश रेषांच्या दिशेने, फार जोर न लावता फिरवायचा. सागाची छिद्रं मोठी असतात. ब्रशने ती मोकळी होतात आणि नंतर पांढरा रंग त्यांच्यात जाऊन बसतो. ब्रश पितळीच हवा. लोखंडी ब्रशचे किंवा स्टील वूलचे बारीक कण लाकडात अडकतात आणि पाण्याचा रंग लागताच तिथे निळसर काळे ठिपके उमटतात. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, एकत्र आलं की शाईच तयार होते. जुन्या काळी शाई अशीच करत, हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरून.

जुन्या खिळ्यांभोवती असे काळे डाग आधीपासूनच असतील तर केमिकलच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक ॲसिड उपयोगी पडतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, ब्रशने डागावर लावून अर्धा तास, मग भरपूर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसणं. ते विषारी आहे, मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका, आणि वाळलेली पूड कधी कोरडी घासू नका, ती नाकात गेली तर फार त्रास देते. खिळा तिथेच असेल तर डाग पुन्हा येईल. खिळा उपटा, किंवा आत ठोकून वर लांबी (पुट्टी) भरा.

यानंतर येते मुख्य गोष्ट, अडसर. लाकूड आणि पाण्याचा रंग यांच्यामध्ये असा थर हवा जो पाण्याला आत जाऊ देणार नाही आणि तरीही पारदर्शक असेल. डाग अडवणारे तयार प्रायमर बाजारात मिळतात आणि ते चांगले आहेत, पण ते पांढरे आणि अपारदर्शक असतात. भिंतीसारखा सपाट रंग द्यायचा असेल तर खुशाल वापरा. आपल्याला रेषा दिसायला हव्यात, म्हणून त्यांचा इथे उपयोग नाही.

उपयोग आहे तो लाखेचाच. हे ऐकून मला आधी पटलं नव्हतं. जी लाख दोन दुपारी खरवडून काढली तीच पुन्हा लावायची? काकांचं म्हणणं, जुन्या लाखेत मळ होता, मेण होतं, रंग होता, त्या लाखेवर भरवसा नाही. नवी लाख स्वच्छ, पातळ आणि आपल्या हाताने केलेली असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही. म्हणून लाकडातला पाण्याने सुटणारा रंग तिच्याखाली अडकून राहतो. पळस, बोर आणि कुसुमच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याचा हा राळेसारखा स्राव इतकं काम करतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

लाख घेताना पांढरी, म्हणजे रंग उडवलेली घ्या. नारिंगी लाख स्वतःच पिवळी छटा देते आणि वरच्या पातळ पांढऱ्या हातातून ती दिसते. पांढरी लाख दुकानात फार दिवस पडून असेल तर नीट विरघळत नाही, तेव्हा थोडीच आणून आधी वाटीभर स्पिरिटमध्ये पाहा. प्रमाण पातळ ठेवायचं: लिटरभर स्पिरिटला १०० ते १२० ग्रॅम. काचेच्या बरणीत करा, लोखंडी डब्यात लाख काळवंडते. लाखेत थोडं नैसर्गिक मेण असतं आणि ते राहिलं तर वरचा पाण्याचा रंग धरत नाही. विरघळलेली बरणी आठ-दहा दिवस न हलवता ठेवली की मेण तळाशी बसतं. वरचं निवळ द्रावण अलगद ओतून घ्यायचं. हे द्रावण सहा महिन्यांहून जुनं झालं तर टाकून द्या, ते चिकटच राहतं, वाळत नाही.

लावताना सुती कापडात कापूस बांधलेला बोळा घ्या. एका दमात, एकाच दिशेने, परत त्याच जागेवर न घुटमळता. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरा हात. कापलेल्या शेवटांना आणि गाठींना तीन-चार. लाल पुडीचं पॉलिश असलेल्या लाकडावर विशेष घाई करायची, कारण ती पूड स्पिरिटमध्येच विरघळते आणि बोळा घोटत बसलात तर तुम्हीच तिला वर आणाल. पहिला हात अगदी पातळ आणि झटपट, तो पूर्ण वाळला की दुसरा.

दुसऱ्या दिवशी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासायचं, फक्त चकाकी जाईपर्यंत. न घासता रंग मारला तर तो नखाने निघतो. जोरात घासलं तर अडसरच निघून जातो, विशेषतः कडांना.

आणि मग एकदाचा रंग. निम्मं पाणी घालण्याची माझी सवय काकांनीच मोडली. नुसतं पाणी वाढवत गेलं की रंगातला धरून ठेवणारा भाग विरळ होतो आणि वाळल्यावर खडूसारखी भुकटी हाताला लागते. आता मी एक वाटी इमल्शन, अर्धी वाटी पाण्यावर चालणारं पारदर्शक मॅट व्हार्निश आणि अर्धी ते एक वाटी पाणी असं घेते. डिस्टेंपर नको, त्याची पकड कमी. एका वेळी एकच फळी: रंग लावायचा, मिनिटभर थांबायचं, पिळलेल्या फडक्याने रेषांच्या दिशेने पुसायचं. लाखेवर रंग आत मुरत नाही, म्हणून तो छिद्रांत राहतो आणि बाकी ठिकाणी अगदी झिरझिरीत उरतो. पाइनवर दिसतो तसा दुधाळपणा सागवानावर येत नाही, हे आधीच सांगते. इथे पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामधून डोकावणारा उबदार तपकिरी रंग असं रूप मिळतं. मला ते जास्त आवडतं.

सगळ्यात वर पाण्यावर चालणारंच पारदर्शक व्हार्निश, दोन हात. तेलाचं व्हार्निश मारलंत तर टेबल पुन्हा पिवळं पडेल, या वेळी वरून. तेलाचा थर अंधारात जास्त पिवळा होतो, म्हणून ड्रॉवरच्या बंद राहणाऱ्या कडा आधी पिवळ्या झाल्या आणि बाकी टेबल ठीक असेल तर दोष लाकडाचा नाही, व्हार्निशचा आहे हे ओळखावं.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत स्पिरिट उडताना लाख पांढुरकी पडते आणि पाण्याचा रंग तासन्‌तास ओला राहतो, तेवढा वेळ आतलं वर यायला मिळतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्ये करायचं तर सकाळी लवकर, दुपारी फडकं फिरवायच्या आत रंग वाळून पट्टे पडतात.

दोन इशारे. वस्तूवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. पेपर ओला करून घासा, चिखल पुसून कागदात गुंडाळून टाका, त्या दिवशी मुलांना खोलीत येऊ देऊ नका. दुसरं, प्लायवर चिकटवलेलं सागवानी विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, ओळखा. कडेला थर दिसतात. ते मिलिमीटरभरही जाड नसतं. घासताना ते फाटलं तर खालचा गोंद दिसतो आणि त्या जागी कोणताही रंग नीट बसत नाही.

आणि शिसवीच्या कोरीव वस्तूला पांढरा हात लावू नका. मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या वाड्याच्या अडगळीत शिसवीची खुर्ची मिळाली तर तिला साफ करून लाखेचं पॉलिश द्या, बस. पांढरा रंग कोरीवकामाच्या खाचांत बसला की पुन्हा पूर्ण निघत नाही, आणि तसं लाकूड आता सहज मिळत नाही.

माझं टेबल आता दोन पावसाळे काढून बसलं आहे. पहिल्या पावसाळ्यात डाव्या ड्रॉवरच्या मुठीभोवती रुपयाएवढा पिवळा डाग आला आणि माझं धाबं दणाणलं. काकांना बोलावलं. त्यांनी मूठ काढली आणि स्क्रूच्या भोकात बोट दाखवलं. मी सगळ्या फळीला लाख लावली होती, भोकाच्या आत लावली नव्हती. तिथून दमट हवा शिरत होती. काडीला कापूस गुंडाळून भोकात चार वेळा लाख फिरवली, डागाची जागा ३२० ने घासली, तेवढ्यावर पुन्हा लाख, मग रंग, मग व्हार्निश. मूठ बसवताना जुना लोखंडी स्क्रू टाकून पितळी घातला.

त्यानंतर तिथे डाग आलेला नाही.